तीन रात्रींचे पाहुणे

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील गावांतून फिरताना एक दृश्य वारंवार दिसते. गावाच्या मध्यभागी, जिनमंदिरापासून हाकेच्या अंतरावर, काळ्या घडीव दगडाच्या जोत्यावर उभा असलेला एखादा वाडा. दिंडी दरवाजाला कुलूप. कुलपाशेजारी ग्रामपंचायतीने रंगवलेला घर क्रमांक. आणि आत कोणी राहते का असे विचारल्यास, "म्हातारी माणसं दोघं असतात, पोरं पुण्याला," हे ठरलेले उत्तर. हे वाडे शेतीच्या उत्पन्नावर उभे राहिले. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कसेल तो जमिनीचा मालक झाला, आणि ते न्याय्यच झाले. पुढे राहिलेली जमीनही भावाभावांत वाटली गेली. वाडा मात्र वाटता आला नाही. सागवानी खांब मोजून देता येतात, चौकातले ऊन कसे मोजून द्यायचे? काही गावांतील वाड्यांवर तर ही वेळही आली नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची जी घरे जळाली, त्यांचे जोते आजही काही ठिकाणी गवतात उघडे पडलेले दिसते. जे वाडे राहिले ते पुराने, वाळवीने आणि वारसांच्या संख्येने हळूहळू खचत आहेत.

अशाच एका वाड्याचा प्रश्न वाळवा तालुक्यातील एका जैन कुटुंबापुढे गेली काही वर्षे उभा आहे. घरात चार भावंडे. सर्वांत थोरल्या आक्का, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, इचलकरंजीस दिलेल्या. त्यांच्या पाठचे अण्णा, जे पत्नीसह वाड्यातच राहतात. मधले तात्या पुण्यात, धाकटे बापू सांगलीत. वडील १९९८ मध्ये गेले. त्यानंतर शेतीची वाटणी तोंडी झाली, वाड्याची झालीच नाही. २००५ च्या पुराने परसाकडची भिंत भिजली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली त्या आठवड्यात ती भिंत बसली. दगडी जोते जागचे हलले नाही. पांढऱ्या मातीची भिंत मात्र पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी, उन्हाने तडकता तडकता, आवाज न करता खाली आली. सोप्यातल्या चार खांबांवर पुराची रेघ अद्याप आहे. अण्णांनी ती पुसू दिलेली नाही.

वाड्यात पाहुणे ठेवावेत, पैसे घेऊन ठेवावेत आणि त्या पैशांवर वाडा राखावा, ही कल्पना बापूंच्या मुलाची. शिक्षणासाठी तो दोन वर्षे इंग्लंडात होता. तिथे उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात एका खेड्याबाहेरच्या जुन्या घरात त्याने दोन रात्री मुक्काम केला होता. घर दोनशे वर्षांपूर्वीचे, चालवणारे त्याच घराण्यातले. मालकाने स्वतः बॅगा जिन्यावरून वर नेल्या, मालकिणीने सकाळची न्याहारी वाढली, जिन्याच्या भिंतीवर मालकाच्या पणजोबांचे तैलचित्र, स्नानगृहात पाणी जेमतेम कोमट, आणि दिवाणखान्यात अग्नीपुढे म्हातारा कुत्रा घोरत पडलेला. पुतण्याला त्या घराचे वैभव भावले नाही. तिथल्या गालिच्याला भोके होती. घरातली माणसे घरातच होती, हे त्याच्या मनात राहिले.

इंग्लंडातल्या या मोठ्या घरांची कथा आपल्याकडच्या वाड्यांहून फार वेगळी नाही. १८९४ मध्ये तिथे मृत्यूनंतरच्या संपत्तीवर नवा कर बसला, आणि पुढच्या अर्धशतकात तो वाढतच गेला. दोन महायुद्धांत वारस मेले, नोकरचाकर कारखान्यांत गेले, छपरे गळू लागली. शेकडो घरे मालकांनीच पाडून दगड-लाकूड विकले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या नष्ट झालेल्या घरांचे एक प्रदर्शन भरवले, तेव्हा यादीत हजाराहून अधिक घरे निघाली. काही घरे नॅशनल ट्रस्टकडे गेली, काहींनी तिकीट लावून दारे उघडली, आणि काहींचे निवासगृह झाले. १९४८ मध्ये फ्रान्सिस कूल्सन या गृहस्थाने अल्सवॉटर सरोवराच्या काठावरच्या शॅरो बे या घरात पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली. पुढे त्या प्रकारच्या निवासगृहांचे ते आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले. आपल्याकडेही १९५३ मध्ये मृत्युकर आला होता. तो १९८५ मध्ये गेला, पण गावच्या वाड्यांना त्याची झळ क्वचितच लागली असेल. आपले वाडे सरकारी कराने पाडले नाहीत. ते एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांनी पाडले, असे म्हणणे कठोर वाटेल, पण तालुक्याच्या कोर्टातील दाव्यांची नावे वाचली तर चुकीचे वाटणार नाही.

अण्णांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. त्यांचा आक्षेप खर्चाचा नव्हता, शब्दाचा होता. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी शेवटचे अतिथिसंविभाग. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा. त्याला आपल्या ताटातला भाग द्यायचा. इथे पाहुणा तिथी ठरवून येणार, आगाऊ पैसे भरून येणार आणि अकरा वाजता खोली सोडणार. "मग त्याला पाहुणा कशाला म्हणायचं? गिऱ्हाईक म्हणा," असे ते म्हणत. या घरात त्यांच्या आजीच्या काळी मुनिसंघाचा विहार आला की चौका लागत असे. बाजाराच्या दिवशी परगावचा माणूस जेवल्यावाचून जात नसे. त्याच चौकात दरपत्रक लावायचे, हे त्यांना सोसवेना. त्याहून मोठी अडचण देवघराची होती. माजघराला लागून असलेल्या देवघरात पार्श्वनाथांची धातूची लहान मूर्ती आहे, रोज अभिषेक होतो. अनोळखी माणूस चपला घालून त्या उंबऱ्यापर्यंत आला तर?

तात्यांचे म्हणणे सरळ होते: वाडा विकावा. इस्लामपूरच्या एका माणसाने जागेला किंमत सांगितली होती, वाड्याला नाही; लाकूड वेगळे, दगड वेगळा. तात्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा संसार, पत्नीचे आजारपण, मुलाच्या शिक्षणाचे कर्ज, आणि गावात आपल्या नावावर एक न विकता येणारा चतुर्थांश. अशा माणसाला पूर्वजांच्या वास्तूचे महत्त्व सांगणे हे पोटभर जेवलेल्याने उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

आणि आक्का? आक्कांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या पिढीतील बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करीत आल्या, आणि त्या तशी करतील असे तिन्ही भावांनी धरूनच चालले होते. आक्कांचे लग्न १९७२ चे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायकी हक्क दिला तो त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. हा कायदा जैनांनाही लागू आहे. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. इचलकरंजीतल्या वकिलांनी हे सर्व आक्कांना समजावून सांगितले होते. आक्कांनी ऐकून घेतले, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा आला तेव्हा तो कपाटात ठेवून दिला. ना सही, ना नकार.

शेवटी पुतण्यानेच तोड काढली. वाद घालण्याऐवजी एकदा असे घर पाहून या, राहून या. इंग्लंड दूर राहिले. पाचगणी सांगलीहून चार तासांवर आहे.

जानेवारीच्या एका सकाळी अण्णा, काकू, आक्का आणि पुतण्या असे चौघे निघाले. तात्यांनी यायचे नाकारले. बापूंना दुकान सोडवेना. कराड, सातारा मागे टाकून वाईहून गाडी पसरणीच्या घाटाला लागली तेव्हा आक्कांनी सांगितले की लग्नानंतर त्या या घाटाने एकदाच आल्या होत्या, दिरांना पाचगणीला ठेवले होते तेव्हा. 'ठेवले होते' या शब्दाचा अर्थ त्या पिढीला सांगावा लागत नाही. क्षयरोगावर औषध नव्हते तेव्हा हवा हेच औषध होते. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले, आणि पुढे अर्ध्या मुंबई इलाख्यातील रोगी इथल्या व्हरांड्यांत ब्लँकेट पांघरून पडून राहिले.

त्यापूर्वीची पाचगणी इंग्रजांची. सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन महाबळेश्वर वसवले, परंतु पावसाळ्यात तिथे राहणे अशक्य. लाल जांभ्याच्या भिंतींना गवताच्या झडी बांधून साहेब लोक खाली उतरत. बारमाही राहता येईल अशी जागा हवी म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन याने दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधला हा सपाट माथा निवडला. पाऊस महाबळेश्वरच्या मानाने पुष्कळ कमी, थंडी पुरेशी. चेसनने सिल्व्हर ओक लावले. आज पाचगणीची ओळखच त्या झाडांनी होते, आणि ती झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची आहेत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. चेसन तिथेच मेला, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात पुरला गेला. साहेब गेले आणि त्यांचे बंगले पारशी, बोहरी, खोजा कुटुंबांनी घेतले. काहींत शाळा निघाल्या, काहींत निवासगृहे.

ज्या घरात हे चौघे उतरले ते असेच. पुढे लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, उतरते पत्र्याचे छप्पर आणि त्यावर माकडांचा नित्याचा धुडगूस. नऊ खोल्या, त्यांपैकी सात पाहुण्यांच्या. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या पारशी बाई, हाताखाली मुलगा आणि सून. त्यांच्या सासऱ्यांचे वडील एका क्षयग्रस्त भावाला घेऊन मुंबईहून आले, भाऊ दोन वर्षांत गेला, घर राहिले. पुढे उत्पन्न नाही म्हणून सासूबाईंनी मुंबईच्या ओळखीच्या कुटुंबांना मे महिन्यात खोल्या देण्यास सुरुवात केली. निवासगृह काढायचे असे कोणी ठरवले नव्हते. एका वर्षी दोन कुटुंबे आली, पुढल्या वर्षी चार.

घर पाहून अण्णा प्रथम निराशच झाले असावेत. त्यांना काहीतरी राजेशाही अपेक्षित होते. इथे गादीवरची चादर स्वच्छ पण विरलेली, कपाटाचे दार लागेना म्हणून त्यात वर्तमानपत्राची घडी खोचलेली. स्नानाचे पाणी तांब्याच्या बंबात लाकडावर तापे आणि सकाळी सहा वाजता गोडवलीचा गडी बादली घेऊन दार वाजवी. काकूंना मात्र तो बंब पाहून माहेरची आठवण झाली, आणि त्यांनी गड्याला राख कशाने काढतोस म्हणून विचारून दहा मिनिटे थांबवून ठेवले.

जेवणाची काळजी सर्वांनाच होती. घर पारशी, म्हणजे सकाळचे पहिले पान अंड्याचे. पुतण्याने दूरध्वनीवर आधी सांगून ठेवले होते, तरी अण्णांनी सोबत दशम्या, मेतकूट आणि तळलेले शेंगदाणे यांची पिशवी आणलीच होती. पहिल्या संध्याकाळी पावणेसहाला घंटा वाजली. भोजनगृहात चौघांपुरते टेबल मांडलेले. बाकीची टेबले रिकामी, कारण इतरांचे जेवण आठला. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, भात, ताक. भाकरी कडेला जाड होती, हे काकूंनी नंतर सांगितले. तेव्हा मात्र कोणी बोलले नाही. बाई स्वतः उभ्या राहून वाढत होत्या. बटाटा, कांदा, लसूण यांची चौकशी करण्याआधीच त्या म्हणाल्या, "गुजराती जैन कुटुंबं आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. भांडी वेगळी आहेत, वरच्या फळीवर. अंड्याच्या तव्याला ती लागत नाहीत. पण पाणी गाळायला तुमचं फडकं आणलं असेल तर तेच वापरा, माझ्यावर विश्वास ठेवून नका बसू."

या शेवटच्या वाक्याने अण्णांची पिशवी बंदच राहिली. सूर्य सव्वासहाच्या पुढे टेबल लँडच्या पठाराआड गेला तेव्हा चौघे हात धुऊन व्हरांड्यात येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे बाजारात आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांकडे गेले असताना, अण्णांनी बाईंना हिशेब विचारला. व्यापारी माणूस दुसऱ्याला विचारतो तसा, आडवळणाने. बाईंनी वहीच आणून पुढे ठेवली. एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ, एवढेच दिवस घर भरते. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ रिकामे, आणि खर्च नेमका त्याच्या तोंडावर: पत्रे रंगवणे, गळती काढणे, छपरावर आलेल्या फांद्या तोडणे. स्वयंपाकी एकतीस वर्षांपासूनचा, त्याला पावसाळ्यात घरी पाठवता येत नाही. विजेचे बिल, पाणीपट्टी, परवान्यांची नूतनीकरणे. शेवटच्या रकान्यात जे उरत होते ते पाहून पुतण्याचा चेहरा उतरला.

"यातून काय मिळतं, बाईसाहेब?" अण्णांनी विचारले.

"छप्पर," बाई म्हणाल्या. "दर वर्षी पुन्हा छप्पर. बाकी काही नाही."

सून तिथेच कपबश्या आवरीत होती. तिने मान वर न करता एवढेच सांगितले की लग्नाला अकरा वर्षे झाली, एकही नाताळची सुट्टी तिने माहेरी घालवलेली नाही. लोक सुट्टीला येतात तेव्हा आपल्याला सुट्टी नसते. तिचे दोन्ही मुलगे इथल्याच शाळेत शिकतात आणि दोघांनीही पुढे हे घर चालवणार नाही असे सांगून टाकले आहे. बाईंनी तिला अडवले नाही. ज्या गोष्टी अशा घरांच्या जाहिरातीत कधी येत नाहीत त्या या एका दुपारी ऐकायला मिळाल्या, आणि पुतण्याला त्या ऐकण्याची गरज अण्णांपेक्षा जास्त होती.

व्हरांड्याच्या टोकाला एक दार कायम बंद असे. इतर दारांवर खोल्यांचे आकडे. यावर काही नाही. अण्णांची नजर तिकडे गेलेली पाहून बाई म्हणाल्या, "ते आमचं. आत जरथुष्ट्र साहेबांची तसबीर आहे, दिवा आहे. पाहुण्यांनी विचारलं तर सांगते, हे दार घरच्यांचं. आजवर कोणी रागावलं नाही." अण्णा काही बोलले नाहीत. परंतु त्या रात्री त्यांनी पुतण्याला विचारले की आपल्या माडीवर जायला बाहेरून, देवडीतून, जिना काढता येईल का. म्हणजे वर राहणाऱ्याला माजघरातून जावे लागणार नाही.

आक्कांचा प्रश्न वेगळाच होता. निघण्याच्या आदल्या दिवशी, बाई बागेत खुरपे घेऊन बसल्या असताना, आक्कांनी त्यांना विचारले, "घर कुणाच्या नावावर?"

"माझ्या मुलाच्या आणि माझ्या नणंदेच्या. नणंद कॅनडात असते. तिचा अर्धा हिस्सा." पारशी वारसाकायद्यात १९९१ पासून मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे, इथे तर सासऱ्यांनी त्याही आधी मृत्युपत्रात तसे लिहून ठेवले होते. "दर दोन वर्षांनी मे महिन्यात ती येते. त्या तीन आठवड्यांत कोपऱ्यातली खोली आम्ही कोणाला देत नाही. भर हंगामात. मुलगा कुरकुरतो. मी म्हणते, ती पाहुणी नाही."

आक्का बराच वेळ तिथे बसून राहिल्या. मग त्यांनीही एक खुरपे उचलले.

संध्याकाळच्या जेवणानंतर, उजेड असतानाच, त्यांनी भावाला सांगितले. आवाज चढवून नव्हे. आक्कांचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही.

"अण्णा, मी हक्क सोडणार नाही. पैसेही मागणार नाही. मला माजघराशेजारची बाळंतिणीची खोली पाहिजे. माझ्या नावानं, कागदावर. माझा जन्म तिथला, माझ्या दोन्ही लेकींचा जन्म तिथला. पन्नास वर्षं मी त्या घरात आले की पिशवी सोप्यात ठेवते आणि वहिनी कुठं जागा करतील याची वाट बघते."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनी म्हणून त्यांना ते वाक्य लागले असणार. अण्णा म्हणाले, "तुझी खोली नाही असं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणालं नाही. तेच सांगतेय. कोणी काहीच म्हणालं नाही."

या संवादानंतर व्हरांड्यात शांतता झाली. अण्णा हट्टी आहेत, पण अन्यायी नाहीत. आपण ज्या अतिथिधर्माचा दाखला देत होतो त्यात घरची लेक पन्नास वर्षे अतिथीच राहिली, हे त्यांच्या लक्षात आले की नाही, हे सांगता येत नाही. त्यांनी फक्त विचारले, "त्या खोलीचं कौलारू गळतंय, ठाऊक आहे ना?" आक्का म्हणाल्या, "ठाऊक आहे. पितळी परात तिथं कुठं ठेवायची तेही ठाऊक आहे."

परतीच्या वाटेवर वाईजवळ मेणवलीस ते थांबले. नाना फडणविसांचा हा वाडा आजही त्यांच्या वंशजांकडे आहे. कृष्णेवरचा घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि चिमाजी अप्पांच्या वसईविजयानंतर आणलेली म्हणून सांगतात ती प्रचंड घंटा पाहायला लोक येतात. 'स्वदेस' चित्रपटामुळे तर अधिकच. चौकामागून चौक ओलांडत अण्णा आत गेले आणि प्रत्येक ठिकाणी तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, बोटाने दाबून पाहू लागले. वाळवी तिथूनच लागते. इथे कोणी मुक्कामाला राहत नाही, तरी वाडा उभा आहे, हे त्यांनी मुद्दाम पुतण्याला ऐकवले. पुतण्याने मान्य केले, आणि नाना फडणविसांचे नाव आपल्या दारावर नाही एवढीच अडचण आहे, असेही म्हटले. घाटाच्या पायरीवर आक्का पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. हेच पाणी धोम धरणातून सुटून कराडवरून गावाच्या वळणाला येते आणि पुराच्या वर्षी सोप्यात चढते. इथे ते घोट्यापर्यंतच होते.

त्यानंतरच्या चार महिन्यांत जे झाले ते थोडक्यात असे. परसाकडची भिंत सिमेंटने न बांधता चुना आणि पांढरी माती यांनीच बांधायची ठरले. भिलवडीकडचा एक वृद्ध गवंडी ते काम जाणतो, त्याने पावसाआधी जोत्यापर्यंत दगड बसवून दिला. महाराष्ट्र शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि पर्यटन महामंडळाची न्याहारी व निवास योजना यांचे कागद पुतण्याने आणून ठेवले आहेत. माडीवरच्या दोनच खोल्या द्यायच्या, त्यांना देवडीतून स्वतंत्र जिना. माजघर, देवघर आणि बाळंतिणीची खोली पाहुण्यांना बंद. स्वयंपाकघर सूर्यास्ताला बंद, मद्य-मांस वर्ज्य, चातुर्मासात मुक्काम नाही. ही यादी अण्णांनी स्वतः, मोडी वळणाच्या अक्षरांत, लिहून काढली.

"एवढ्या अटी घातल्या तर येणार कोण?" पुतण्या म्हणाला.

"न येईनात," अण्णा म्हणाले, आणि लगेच, "पण भाकरी कडेला जाड होणार नाही, एवढं लिही."

काकूंनी आपली अट वेगळी घातली. महिन्यातले दहा दिवस त्या कोणासाठीही चुलीपुढे उभ्या राहणार नाहीत, अष्टमी-चतुर्दशी धरून. त्या दिवशी पाहुणा आलाच तर पुतण्याने रांधावे. पाचगणीच्या सुनेचे बोलणे त्यांनी कपबश्यांच्या आवाजातूनही नीट ऐकले होते. पुतण्या सध्या सांगलीत आईकडून आमटी शिकतो आहे.

तात्यांचा प्रश्न राहिला. त्यांच्या चतुर्थांशाची किंमत बापू आणि अण्णा मिळून पाच वर्षांत, हप्त्यांनी द्यायला तयार आहेत. जागेचा भाव इस्लामपूरच्या माणसाने सांगितला तोच धरून, लाकडाची किंमत त्यात वेगळी मिळवून. आक्कांनी आपल्या दोन पाटल्या पहिल्या हप्त्यासाठी पुढे केल्या तेव्हा अण्णांनी त्या परत केल्या, आणि बहिणीने पुन्हा पुढे केल्या. वकिलांनी वाटणीपत्र तयार केले आहे. त्यात चार नावे आहेत, आणि बाळंतिणीची खोली लांबी-रुंदीसह आक्कांच्या नावापुढे लिहिली आहे. तीन सह्या झाल्या आहेत. तात्या अक्षय्य तृतीयेला गावी येणार होते. पत्नीच्या तपासण्यांमुळे त्यांना येता आले नाही. आता पर्युषणात येतो म्हणाले आहेत.